माळावर झाडं लावायची की गवत राखायचं? दोन्ही करून बसलेल्याचं मत

मागच्या महिन्यात एका मित्राच्या गावच्या सरपंचांचा फोन आला. त्यांच्याकडं २५ एकर गायरान आहे, अजून कुणी नांगरलेलं नाही, दोघातिघांचा डोळा आहे त्यावर, पण गाव ठाम आहे की मोकळंच ठेवायचं. "मालक, तुम्ही झाडं पण लावली अन् गवत पण राखलंय, मंग त्यात चांगलं काय ते सांगा की." मी म्हटलं विचार करून सांगतो, आणि तीन दिवस विचार करून पण फोनवर धड सांगता आलं नाही, म्हणून हे लिहायला बसलो. वृक्षारोपण का करतात, चराईबंदी म्हणजे काय, हे सगळं तुम्हाला माहिती आहे असं धरून चालतो.

आमचं गाव सोलापूरहून बार्शी रोडनं, नान्नजच्या अंगाला. भावकीचा ९ एकर माळ आहे, एका बाजूला ओढा आणि दुसऱ्या बाजूला गावचं गायरान. सातबाऱ्यावर पोटखराबा, म्हणजे लागवडीला न चालणारी जमीन. आजोबा म्हणायचे, वर कुसळ, खाली मुरूम, मधी आपण. २०१७ ला राज्यभर चार कोटी झाडांचा कार्यक्रम चालू होता, त्यात आम्हाला पण चेव आला. मी सोलापुरात नोकरीला, चुलतभाऊ गावात, दोघांनी मिळून आणि गावातल्या पोरांना श्रमदानाला लावून ५ एकरावर हजार-बाराशे रोपं लावली. उरलेलं ४ एकर तसंच राहिलं. गवत राखायचा निर्णय आम्ही घेतला असं म्हटलं तर खोटं होईल, तारेचे पैसे संपले एवढंच. पण पुढं ते ४ एकर मुद्दाम राखलं, आणि नंतर गायरानाला पण गावानं तोच नियम लावला. म्हणजे एकाच बांधाच्या अल्याड झाडं आणि पल्याड गवत, माती तीच, पाऊस तोच. तुलना म्हणाल तर माझ्याकडं एवढीच आहे, मोजमाप काही केलेलं नाही.

आधी झाडांच्या बाजूनं बोलतो, नाहीतर म्हणाल हा एकाच अंगानं सांगतोय. झाडं लावतोय म्हटलं की कुणाला काही समजवावं लागत नाही. वर्गणी जमते, शाळेची पोरं येतात, पुढारी येतात, फोटो होतात, रोपं फुकट मिळतात. गवत राखतोय म्हणून वर्गणी मागून बघा एकदा. दुसरं म्हणजे तारेच्या आत झाडं दिसली की इथं कुणीतरी मालक आहे हे रात्री मुरूम चोरायला येणाऱ्या जेसीबीवाल्याला पण कळतं. आमच्या गवताच्या बाजूनं एका रात्रीत तीन ट्रॉल्या मुरूम गेला, झाडांच्या बाजूला कुणी हात लावला नाही. ही गोष्ट छोटी नाही, गायरान वाचवायचं असेल तर अतिक्रमण हीच पहिली काळजी असते आणि त्यात झाडं उजवी ठरतात, हे मान्य केलंच पाहिजे. (आम्ही नंतर रस्त्याच्या कडेनं ट्रॅक्टर उतरणार नाही एवढा चर मारून घेतला, तेव्हापासून बंद आहे.)

पण आपल्याकडचा माळ म्हणजे चार बोटं माती आणि खाली मुरूम. पहार लागेना म्हणून खड्डे ब्रेकरनं घेतले, तेव्हाच खरं तर शहाणं व्हायला पाहिजे होतं. जिल्ह्याचा पाऊस पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपास, तोही येईल तेव्हा येईल, त्यामुळं पहिली दोन-तीन वर्षं फेब्रुवारीपासून जूनपर्यंत टँकर. त्यात २०१८ चा पावसाळा कोरडा गेला आणि २०१९ चा उन्हाळा तर सगळ्यांना आठवत असेलच, जिल्ह्यात चारा छावण्या लागल्या होत्या, माणसाला टँकर मिळंना आणि आम्ही रोपांना पाणी घालतोय. गावातल्या म्हाताऱ्या बाया टँकरकडं बघायच्या, बोलायच्या काही नाहीत, पण बघायच्या. त्या बाराशेतली आज तीनशेभर जिवंत असतील. त्यातली निम्मी कडुनिंब आणि ग्लिरिसिडिया, जी कशीही जगतात. चिंचा बोटावर मोजण्याइतक्या, वड-पिंपळ जवळजवळ सगळे गेले.

तरीपण खरं सांगू का, पाण्याचा त्रास मी सहन केला असता. ज्या गोष्टीनं माझं मन झाडांवरून उठलं ती म्हणजे गेटची किल्ली.

हसू नका. रोपं लावली की शेळ्या येणार म्हणून तार, तार म्हणून गेट, गेट म्हणून कुलूप, आणि कुलूप आलं की किल्ली कुणाकडं हा प्रश्न आला. एक माझ्याकडं सोलापुरात, एक चुलतभावाकडं, एक राखणदाराकडं. राखणदार चार महिन्यांत काम सोडून गेला, किल्लीसकट. २०१९ च्या एप्रिलमधली गोष्ट, दुपारी दोन वाजता टँकरवाल्याचा फोन, गेटवर उभा आहे, कुलूप आहे. चुलतभाऊ तुळजापूरला देवीला गेलेला, त्याची किल्ली त्याच्या खिशात म्हणजे तीही तुळजापूरला. मी ऑफिसात. ड्रायव्हर म्हणाला साहेब मला अजून दोन खेपा आहेत, इथं थांबून मी काय करू, आणि त्यानं गेटासमोरच पाणी सोडून दिलं, पैसे पूर्ण घेतले. त्याची चूक पण म्हणता येईना. भर उन्हाळ्यात रस्त्यावर डबकं झालं आणि गावातली दोन कुत्री त्यात संध्याकाळपर्यंत बसलेली.

हे एकदा झालं असतं तर सोडून दिलं असतं. पण आमच्या त्या ५ एकरातनं धनगरांची ओढ्याकडं जायची वाट होती, कागदावर कुठं नाही, पण बाप-आज्यापासनं मेंढरं त्याच वाटेनं पाण्याला जायची. आम्ही तार मारताना कुणाला विचारलं पण नाही. तात्या म्हणून एक म्हातारे मेंढपाळ आहेत, ते पहिल्या वर्षी मला म्हणाले, "मालक, आत चारत न्हाई, वाट तेवढी सोडा." मी म्हटलं तात्या फोन करत जा, गेट उघडून देऊ. आता विचार करा, तात्यांनी रोज सकाळी मला सोलापुरात फोन करायचा, मी चुलतभावाला करायचा, त्यानं शेतातलं काम टाकून यायचं, गेट उघडायचं, मेंढरं गेली की लावायचं आणि संध्याकाळी परत तेच. चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी तार तुटलेली सापडली. कुणी तोडली ते सगळ्यांना माहिती होतं आणि कुणीच बोलत नव्हतं, ग्रामसभेत मात्र भांडण झालं आणि जी पोरं श्रमदानाला आली होती त्यातलीच निम्मी तात्यांच्या बाजूनं बोलली. मग कुलूप दगडानं फोडलेलं, नवीन कुलूप, परत चार किल्ल्या, परत त्यातल्या दोन हरवलेल्या. सरपणाला येणाऱ्या बाया, मध काढणारी पोरं, पलीकडच्या रानातला शेतकरी, सगळे आमच्यावर नाराज. जमीन मोकळी राखायला निघालो होतो आणि गावाला बंद करून बसलो, असं माझ्या बायकोनं एकदा सुनावलं, त्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

आणि काळवीट. आमच्याकडं कळप येतात हे तुम्हाला सांगायला नको, तुमच्याकडं पण येत असतील. पहिल्या हिवाळ्यात मी सकाळी गेलो तर पंधरा-वीसचा कळप तारेपाशी येऊन थांबलेला. उडी मारतील असं वाटलं, पण नाही, तारेच्या कडेकडेनं कोपऱ्यापर्यंत पळाले, परत आले, परत गेले, आणि मग गवताच्या बाजूनं निघून गेले. कुणी मेलं नाही, जखमी झालं नाही, काही नाही, पण ते पळणं काही केल्या डोळ्यासमोरनं जाईना.

आता गवताचं. त्या ४ एकराला तार नाही, चुना मारलेले दगड आहेत हद्दीला. नियम एकच, पहिला पाऊस पडल्यापासून दिवाळीपर्यंत जनावर घालायचं नाही. हा नियम मोडतो का? मोडतो की. दरवर्षी दोन-चार वेळा कुणाची तरी शेळी आत असते. पण तात्यांशी बसून ठरवलं की कापणी झाल्यावर पहिली चराई तुमची, आणि वाट कायम उघडी, तेव्हापासून राखण तेच करतात, बाहेरची मेंढरं आली तर त्यांचाच फोन येतो मला. पहिल्या वर्षी नुसती कुसळी आली, पँटीला हजार काटे, भाऊ म्हणाला हे राखायला आपण वेडे आहोत काय. दुसऱ्या वर्षी पण तेच. तिसऱ्या पावसाळ्यात मधेमधे पवन्या दिसायला लागला, खोलगट जागी मारवेल, ही दोन्ही चाऱ्याची चांगली गवतं, आणि बियाणं आम्ही मूठभर पण टाकलेलं नव्हतं. जनावरानं आधी चांगलं गवत संपवलेलं असतं, जमिनीला विसावा दिला की ते परत येतं, पण दोन वर्षं दम काढायची तयारी पाहिजे. कापणी बी गळाल्यावर, म्हणजे साधारण गड्ड्याच्या (सोलापूरची जानेवारीतली सिद्धेश्वर यात्रा) आत. भाऱ्याला ठरलेले पैसे देऊन ज्यानं त्यानं आपल्या विळ्यानं कापून न्यायचं, हिवरे बाजारला चराईबंदी आणि गवत कापून नेणं असंच बसवलंय, आम्ही नवीन काही शोधलेलं नाही.

तोटे आहेत. जाळ हा मोठा. फेब्रुवारीनंतर वाळलेलं गवत म्हणजे रॉकेलच, २०२१ ला कुणाच्या तरी बिडीनं निम्मं गेलं. पुढच्या पावसात उलट दाट आलं, पण त्या भरवशावर बसू नये, कडेनं आठ-दहा फुटाचा पट्टा जाळरेषा म्हणून कापून-जाळून घ्यावाच लागतो आणि ते काम दरवर्षी कंटाळवाणं आहे. सावली नाही, भाकरी खायला बसायचं तर ओढ्याला जावं लागतं. एप्रिल-मे मध्ये पाहुण्यांना घेऊन गेलात तर ते विचारणार, इथं बघायचं काय. आणि खरंच त्या दोन महिन्यांत तिथं काही नसल्यासारखंच दिसतं. सरकारी नकाशात असल्या जमिनीला पडीक का म्हणतात ते मे महिन्यात उभं राहिलं की कळतं, आणि ते चूक का आहे ते ऑगस्टमध्ये.

पक्ष्यांचं सांगतो, कारण माझी पोरगी वहीत लिहून ठेवते. झाडांच्या बाजूला पक्षी आले नाहीत असं नाही. बुलबुल आले, होले आले, साळुंक्या आल्या, शिंजीर आला. पण हे सगळे माझ्या सोलापूरच्या गच्चीवर पण येतात, जुळे सोलापुरात. गवताच्या बाजूला धाविक पळताना दिसतो, पखुर्ड्या उठतात, चंडोल वर जाऊन गातो, हिवाळ्यात संध्याकाळी भोवत्या (शिकारी पक्षी) येऊन गवतात जमिनीवरच मुक्कामाला बसतात. खोकडाचं बीळ दोन वर्षं होतं. लांडगा एकदाच बघितला, तात्यांनी मात्र पुष्कळदा बघितलाय आणि त्यांचं मत माझ्याइतकं प्रेमाचं नाही, एक कोकरू गेलंय त्यांचं. ही सगळी मंडळी गच्चीवर येणारी नाहीत, त्यांना लांबवर दिसणारी उघडी जागा लागते. मधे झाडांची रांग उभी केली की त्यांचं घर गेलं. हे मला पण आधी कळत नव्हतं, मला वाटायचं जंगल म्हणजे झाडं, जितकी जास्त तितकं चांगलं.

आणि आपण नान्नजच्या शेजारी राहून हे कळू नये याची मला स्वतःची लाज वाटते. १९७९ ला माळढोकसाठी अभयारण्य झालं ते गवतासाठीच की. माळढोक उघड्या जमिनीवर अंडं घालतो, बहुतेक वेळा एकच, आणि धोका लांबून दिसला पाहिजे ही त्याची गरज. जवळ उंच झाडं म्हणजे कावळ्याला आणि शिकारी पक्ष्याला बसायला फांदी. त्या पट्ट्यात सुद्धा मधल्या काळात ग्लिरिसिडिया लावला गेला होता आणि तो पुढं काढायला लागला. ज्या झाडाची मी फुशारकी मारत होतो, माझं जगलेलं झाड म्हणून, तेच. कागदावर हे अभयारण्य सुरुवातीला साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या घरात होतं, त्यात गावंच्या गावं आली, लोकांना जमिनीचे व्यवहार करता येईनात, राग साचला, शेवटी ते बाराशेच्या आसपास आणलं. आता इकडं माळढोक दिसला तर बातमी होते. सगळा दोष झाडांचा नाही, ऊस, विजेच्या तारा, कुत्री, रस्ते, पुष्कळ कारणं आहेत. पण एवढ्या मोठ्या कागदी अभयारण्याची गोष्ट ऐकली की मला आमचं छोटं कुलूप आठवतं, काय करणार.

सरपंचांनी घनवनाचं पण विचारलं होतं, ती थोड्या जागेत दाट झाडं लावायची जपानी मियावाकी पद्धत. शाळेजवळ एखाद्या गुंठ्यात जरूर करा, पोरांना आवडतं. पण त्यात चौरस मीटरला तीन-चार रोपं लागतात, म्हणजे गुंठ्याला तीनशे-चारशे. २५ एकर म्हणजे हजार गुंठे, हिशोब तुम्हीच करा, आणि दोन-तीन वर्षं पाणी. माळावर ते करणं म्हणजे, मला वाटतं, धोतरावर टाय. करणारे करतात, मी नावं ठेवत नाही.

झाडं नकोतच असं माझं म्हणणं नाही बरं का. ओढ्याच्या काठाला, विहिरीपाशी, देवळापाशी, स्मशानभूमीत, पाणंद रस्त्याच्या कडेनं लावा, तिथं माती आहे, माणसाला सावली पण पाहिजे. माळावर आपोआप आलेली बोर, हिवर, तरवड असेल तर हात लावू नका, ती तिथलीच आहेत, एकरात चार-पाच अशी विखुरलेली असली तर काही बिघडत नाही. काढायची असेल तर वेडी बाभूळ काढा, आणि ती पण लहान आहे तोवर. काहीच न करता नुसतं सोडून दिलं तर पाच-सात वर्षांत तीच माजते, मग आत ना मेंढरू जातं ना काळवीट. त्यामुळं "आहे तसं राहू दे" हा पर्याय मी धरलाच नाही. सोलरवाले येतील तुमच्याकडं पण, गायरानावर सोलर करायची सरकारी योजना आहेच, आणि ग्रामपंचायतीला चार पैसे मिळतात हे पण खरं. तो वेगळा विषय आहे, मोकळी जागा राखायची असं ठरलं असेल तर त्यात पडू नका एवढंच.

एक कागदाचं काम मात्र कुठलाही पर्याय घेतला तरी करा. गायरान सरकारचं असतं, ग्रामपंचायत सांभाळणारी. २०११ ला सुप्रीम कोर्टानं जगपाल सिंग प्रकरणात गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सगळ्या राज्यांना सांगितलंय, त्याचा आधार घेऊन ग्रामसभेचा ठराव करून ठेवा. आणि ग्रामपंचायतीच्या कपाटातनं ती जैवविविधतेची नोंदवही काढा. २००२ च्या कायद्यानं प्रत्येक गावात समिती आणि नोंदवही असायला पाहिजे, बऱ्याच ठिकाणी ती घाईघाईत उरकलेली असते. आमच्यात झाडांच्या यादीत फणस होता आणि गवताचं एक पण नाव नव्हतं. आम्ही तात्यांना बसवून अकरा गवतांची नावं लिहून घेतली, त्यातली चार मला आजपर्यंत ओळखता येत नाहीत. माळ म्हणून काही आहे हे निदान एका सरकारी वहीत तरी लिहिलेलं असू दे.

तर सरपंचसाहेब, तुमच्या जागी मी असतो तर २५ पैकी ओढ्याकडचं एक-दोन एकर झाडांना आणि बाकी सगळं गवताला दिलं असतं. तुमच्याकडं माती खोल असेल, हौसेनं रोज जाणारा माणूस असेल, तर तुमचं गणित वेगळं निघू शकतं, आणि माझा अनुभव ९ एकराचाच आहे. पण निर्णय घ्यायच्या आधी तुमच्या गावातल्या मेंढपाळांना चहाला बोलवा आणि वाट कुठनं जाते ते विचारा. आम्ही ते केलं नाही.

आमची तार मागच्या वर्षी काढली. जगलेली झाडं आहेत तशी ठेवलीत, ग्लिरिसिडिया दर पावसाळ्यात थोडा थोडा काढतोय. गेट चुलतभावानं गोठ्याला बसवलं. त्याला परवा कुलूप लावायचं होतं म्हणून किल्ली मागायला फोन केला, दोन कप्पे उपसले, सापडली नाही.